रिकाम्या बरण्या जास्त का फुटतात?

आपल्या अंकात कुणी पाककृती लिहितं, कुणी प्रवासवर्णन, कुणी नातवंडांच्या गमती. मी या वेळी गाडीच्या शॉकरबद्दल लिहिणार आहे. संपादक ताईंना विषय सांगितला तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "लिहा हो, गाडी तर प्रत्येकाच्या दारात आहे." तेव्हा मंडळी, लोणच्याच्या बरणीपासून सुरुवात करते, कारण मला गाडीतलं जे काही कळलं ते बरणीमुळेच.

आमचं घर लष्करात, गोरखीच्या मागच्या बोळात. ग्वाल्हेरच्या वाचकांना गोरखी सांगायला नको, पण बाहेरगावच्या मंडळींसाठी दोन ओळी. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला, म्हणून या भागाचं नाव लष्कर. महाराज बाड्याला लागून असलेला गोरखी हा शिंद्यांचा इथला जुना वाडा. त्यांचं देवघर अजून इथेच आहे आणि दसऱ्याला राजघराण्यातली मंडळी पूजेला येतात. अटलजी ज्या गोरखी शाळेत शिकले ती शाळाही याच आवारातली. आजूबाजूच्या वस्त्यांची नावं बघा: चिटणीसांची गोठ, खासगी बाजार, शिंद्यांची छावणी. दोनशे वर्षांत बोलीत हिंदी मिसळली, पण नावं मराठीच राहिली.

याच घरात सासूबाईंनी लोणची, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकायला सुरुवात केली. आता ते काम मी आणि माझी धाकटी जाऊ बघतो. माल काचेच्या बरण्यांतच जातो. प्लास्टिकला सासूबाईंचा विरोध होता आणि आमचाही आहे. त्यांनी एक नियम घालून दिला होता, तोही आम्ही मोडलेला नाही. रिकामी बरणी धुऊन परत द्या, पुढच्या बरणीला पैसे कमी घेऊ. त्यामुळे आमची गाडी डबरा, दतिया, झाशी आणि दुसऱ्या रस्त्याने शिवपुरीला भरलेल्या बरण्या घेऊन जाते आणि रिकाम्या घेऊन परत येते.

गाडी म्हणजे पिकअप. घेतली तेव्हाच साठ हजार किलोमीटर चाललेली होती. चालवतात माझे दीर. बाड्याच्या गर्दीतून दिवसा पिकअप काढणं म्हणजे शिक्षाच, म्हणून भाऊजी पहाटे चारला निघतात. दसऱ्याच्या दिवसांत तर त्याहून आधी. ऑइल बदलणं, ब्रेक बघणं, टायर फिरवून लावणं हे सगळं ते वेळच्या वेळी करतात.

गेल्या पावसाळ्यापासून भाऊजी घरी आले की आधी दिवाणखान्यातल्या फरशीवर उताणे पडायचे. चहासुद्धा पडल्यापडल्याच. धाकटी शेक द्यायची, मलम चोळायची. ऑक्टोबरात पाय बधिर व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. कमरेच्या मणक्यातली चकती दबली आहे, असं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वजन उचलू नका आणि हे ड्रायव्हिंग बंद करता आलं तर बघा. भाऊजींचं वय चोपन्न. त्यांच्या मुलीचं शेवटचं वर्ष चालू आहे, फी भरायची आहे. आमच्या दोन्ही घरांचा खर्च या गाडीच्या फेऱ्यांवर चालतो. त्या रात्री जेवताना पिकअप विकायची का, या विषयावर बोलणं सुरू झालं आणि कुणाचंच जेवण नीट झालं नाही. ट्रान्सपोर्टने काच पाठवायची तर भाडं आणि फूट धरून हातात काही उरत नाही, हा हिशेब मी यांच्यासमोर मांडला.

हिशेब मांडायला मी फुटीची वही काढली होती. प्रत्येक फेरीला किती बरण्या गेल्या, किती फुटल्या, कुठल्या क्रेटमधल्या, हे मी लिहून ठेवते. सवय सासूबाईंची. त्या रात्री दोन वर्षांची पानं सलग वाचली आणि एक गंमत दिसली. जाताना लोणच्याने भरलेल्या बरण्या क्वचित फुटत होत्या. येताना रिकाम्या बरण्या मात्र दर फेरीला दोन-तीन तरी जात होत्या, आणि हे प्रमाण वाढत चाललं होतं. बरणी तीच, रस्ता तोच, गाडी हाकणारा माणूसही तोच.

धाकटीला वाटलं, रिकाम्या बरण्यांना पेंढा कमी घातला जात असेल. म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांना आम्ही मोजून सारखा पेंढा घातला. तरी फुटल्या. मग क्रेटवर खडूने आकडे घातले. फुटलेल्या बहुतेक बरण्या अगदी मागच्या, फाळक्याजवळच्या क्रेटमधल्या निघाल्या. केबिनला टेकलेल्या क्रेटमधली एकही नाही. मी भाऊजींना म्हटलं, "भाऊजी, गाडी मागून उडते का हो?" ते म्हणाले, "वहिनी, लोडिंगची गाडी आहे, रिकामी असली की उडणारच." बरोबरच होतं त्यांचं. पण दोन वर्षांपूर्वी ती इतकी उडत नव्हती, हे वही सांगत होती.

लोडिंगची गाडी रिकामी असताना का उडते, ते आधी बघू. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमानी असते. महाराष्ट्रात तिला पाटे म्हणतात. अशा कमान्या आपल्याजवळच, भिंड रस्त्यावरच्या मालनपूरला जमना ऑटोच्या कारखान्यात बनतात. या कमानीला टनभर वजन पेलायचं असतं, म्हणून ती ताठ ठेवलेली असते. भरपूर माल असला की ती दबते आणि खड्डा बऱ्यापैकी गिळते. आमच्या रिकाम्या बरण्यांचं वजन तिच्या खिजगणतीत नाही. मग ती दबतच नाही, खड्डा जसाच्या तसा वर पाठवते. आणि मागच्या चाकांच्याही मागे जो माल असतो, त्याला सगळ्यात जास्त हेलकावा बसतो. बसच्या शेवटच्या सीटवर बसून शिवपुरीला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

पण कमानी तर पहिल्या दिवसापासून ताठच होती. दोन वर्षांत बदललं काय, हे विचारायला मी भाऊजींबरोबर मिस्त्रींकडे गेले. पन्नास वर्षं गाड्यांखाली काढलेले ते गृहस्थ. त्यांनी चाकामागे हात घालून शॉकरवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर तेलात कालवलेली काळी धूळ. "भाभीजी, ये तो रो रहा है." दुसऱ्या बाजूचा कोरडा होता, पण त्याच्या खालच्या डोळ्यातला रबरी बुश झिजून नटाभोवती खुळखुळत होता. मग त्यांनी टायरवरून तळहात फिरवायला सांगितलं. रबर सपाट झिजलेलं नव्हतं. वाटीसारखे खोलगट चट्टे एकाआड एक हाताला लागले. चाक रस्त्यावर न टेकता टप्पे खात चाललं की टायर असा झिजतो, असं ते म्हणाले.

इथले मिस्त्री ज्याला शॉकर म्हणतात आणि पुण्याकडचे शॉकअप म्हणतात, त्याचं खरं नाव शॉक ॲब्सॉर्बर. नाव थोडं फसवं आहे. धक्का झेलते ती कमानी. शॉकरचं काम त्यानंतर सुरू होतं. वाड्यातला झोपाळा आठवा. एकदा ढकलला की तो कितीतरी वेळ हलत राहतो. थांबवायचा असेल तर आपण पाय जमिनीला घासतो. कमानी हा झोपाळा आणि शॉकर हा जमिनीला घासणारा पाय. शॉकर नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी चार-पाच वेळा वर-खाली होत राहील.

पाय घासण्याचं हे काम आत तेल करतं. नळकांड्यात तेल भरलेलं असतं, त्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. गाडी वर-खाली झाली की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. हळू दाबलं तर पीठ मुकाट्याने येतं, जोर लावून भरभर दाबलं तर हात भरून येतो. शॉकरही असाच. धक्का जितका वेगाने येतो तितका तो जास्त अडवतो आणि त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा चांगला शॉकर हाताला गरम लागतो. चारांपैकी एकच गार असेल तर तो काम करत नाही असं समजावं. मात्र हात जपून लावावा, चटका बसण्याइतकाही तो तापलेला असतो.

आणखी एक आपुलकीची गोष्ट. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी आपल्या देशात १९६१ पासून शॉक ॲब्सॉर्बर बनवते आणि तिचा एक कारखाना देवासला आहे. म्हणजे कमान्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरशेजारी आणि शॉकर पवारांच्या देवासला. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या दोन मराठी संस्थानांच्या गावांचा असाही एक संबंध आहे, हे मला या निमित्ताने कळलं.

शॉकर एका दिवसात मरत नाही. त्याच्या दांड्यावर चिखल आणि बारीक खडी उडते, ओरखडे पडतात. ते ओरखडे दर हेलकाव्याला तेल अडवणाऱ्या रबरी सीलला घासतात आणि सील गळायला लागतं. आतल्या झडपा सैल होतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, आधीच तापलेलं तेल आणखी पातळ होतं. सलग खड्ड्यांत ते फेसाळतं, आणि फेसातून दट्ट्या अलगद निघून जातो. ताकातून रवी फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढा फेसातून लागत नाही, तसंच. म्हणूनच अनेक शॉकरमध्ये नायट्रोजन वायू दाबून भरतात, फेस कमी व्हावा म्हणून. हे सगळं इतकं हळूहळू होतं की रोज गाडी चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. त्याचे हात स्टीअरिंग जरा घट्ट धरायला शिकतात, पाय ब्रेक जरा आधी दाबायला शिकतो. कंबर मात्र काही शिकत नाही, ती फक्त सोसते.

भाऊजींच्या कमरेचं कोडं मला इथे थोडंफार उलगडलं. आरामशीर गाडीचं धड सेकंदाला एक-दीड वेळा डुलतं. हा वेग आपल्या चालण्याच्या ठेक्याच्या आसपासचा, म्हणून शरीराला तो खुपत नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ वेळांची उभी थरथर सगळ्यात जास्त बाधते, आणि मणका तर पाचच्या आसपास तिला साथ देत स्वतःच जास्त हलायला लागतो. रिकामी, ताठ कमानीची गाडी आधीच भरभर डुलते. त्यात शॉकर गेला की चाकं वेगळी दहा-पंधरा वेळा थडथडतात आणि प्रत्येक धक्का लांबत जातो. झाशीहून परत येताना रिकाम्या बरण्यांना जे होत होतं तेच पुढच्या सीटवर भाऊजींच्या मणक्याला होत होतं. बरण्यांची नोंद वहीत होती, त्यांची कुठेच नव्हती.

हायवे आता चांगले झालेत, खरा त्रास गावात शिरल्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येतो. आपल्याकडे दारासमोर लोकांनी घातलेला गतिरोधक हातभर रुंद आणि चांगला उंच असतो. अशाच एका गतिरोधकानंतर, दतियात, एक गाय आडवी आली. भाऊजींनी ब्रेक दाबला तेव्हा मागची चाकं नाचत होती आणि गाडी मागून तिरकी झाली. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक कसला लागणार? गाय निघून गेली, कुणाला काही झालं नाही. हे भाऊजींनी मिस्त्रींकडे उभं असताना सांगितलं. तोवर घरात कुणाला माहीत नव्हतं. मी धाकटीला ते त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि मग गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेर काढायची नाही हे तिनेच ठरवलं.

शेजारच्या माल वाहणाऱ्यांचे सल्ले निराळे होते. एक म्हणाले, कमानीत एक पट्टा वाढवून घ्या, गाडी बसणार नाही. दुसरे म्हणाले, मागचे शॉकर काढूनच टाका, आम्ही तसेच चालवतो. भाऊजींना पट्ट्याची कल्पना पटली होती, जास्त माल नेता आला असता. मिस्त्रींनी ती साफ मोडीत काढली. पट्टा वाढवला की कमानी आणखी ताठ होणार, तिची उसळी आवरायला शॉकरला आणखी जोर लागणार आणि रिकामी गाडी आणखी उडणार. "माल के लिए अच्छा, आपके लिए बुरा," असं ते भाऊजींना म्हणाले. मी मध्ये बोलले नाही.

चारही शॉकर बदलले. निदान एका आसाचे दोन्ही एकदम बदलावेत, नाहीतर एक बाजू धरते, एक सोडते. नवा शॉकर बसवण्याआधी मिस्त्रींनी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबला आणि ओढला. आडवा ठेवलेल्या शॉकरमध्ये हवा भलत्या जागी शिरलेली असते, ती अशी निघते. आणि बुशचे नट त्यांनी गाडी जॅकवर असताना सैलच ठेवले, चाकं जमिनीवर टेकल्यावर शेवटचे आवळले. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. दांड्यावरचा फाटका धूळ-टोपणही बदलला. मजुरी धरून सगळा खर्च नऊ हजारांच्या आत आला. चट्टे पडलेले टायर मात्र दुरुस्त होत नसतात, त्यांतले दोन नंतर बदलावे लागले.

यानंतर भाऊजींची कंबर बरी झाली, असं मी लिहिणार नाही. शॉकर म्हणजे औषध नव्हे. ते रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतात, बरण्या उचलायला गडी ठेवला आहे, शिवपुरीची फेरी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी होते. रिकाम्या परतीच्या वेळी आता मागच्या टायरची हवा गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीसाठी दिली आहे तेवढीच ठेवतात, भरलेल्या मालाची ठेवत नाहीत. क्रेट केबिनला टेकवून लावतात, मागचा भाग मोकळा सोडतात. पण पहिल्या झाशीच्या फेरीहून परतले तेव्हा ते फरशीवर न पडता पाटावर बसून जेवले, हे मात्र मी पाहिलं. पिकअप विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही. पुढच्या वर्षी परत डॉक्टरांना दाखवायचं आणि तेव्हा ठरवायचं, असं दोघांचं ठरलं आहे.

तुमच्याकडे पिकअप नसेल, कार असेल, तरी बघायच्या गोष्टी याच. शॉकर बनवणारे दर २० हजार किलोमीटरला तपासणी आणि ८० हजारांच्या आसपास बदल सुचवतात. आपल्या रस्त्यांवर त्याआधीही वेळ येते. शॉकरवर नुसता ओलसर पापुद्रा असला तर घाबरू नये, पण तेल ओघळत असेल तर तो गेला. कारचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन एकदा खाली होऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर मिस्त्रींना दाखवा. पिकअपला मागच्या बाजूला ही परीक्षा लागू पडत नाही, ताठ कमानी हाताने दबतच नाही. तिथे टायरवर तळहात फिरवावा. रात्री समोरच्या भिंतीवर दिव्याचा झोत नाचतो का, ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जातं का, हेही बघावं. आणि घरात जो गाडी चालवतो त्याला अधूनमधून मुद्दाम विचारावं, की बाबा रे, पाठ कशी आहे. आपणहून तो सांगत नाही.

फुटीच्या वहीत मी आता आणखी एक रकाना आखला आहे. कंबर. भाऊजी आल्यावर धाकटी त्यांना विचारते आणि मी लिहिते, बरी, ठीक किंवा दुखली. सुरुवातीला ते चिडायचे. आता चपला काढताना स्वतःच ओरडून सांगतात, "वहिनी, लिहा, ठीक." संक्रांतीची ऑर्डर मोठी आहे, तिळाची चटणी आणि गूळ-लिंबाचं लोणचं. झाशीच्या सगळ्या ग्राहकांना निरोप पाठवला आहे, की मागच्या बरण्या धुऊन तयार ठेवा, गाडी येते आहे.